वहिनी कधी आली?

वहिनीचा नागरिकत्वाचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामी मीच होते. रसायनशास्त्राची पदवी हातात होती, नोकरी ऑक्टोबरपासून सुरू होणार होती, आणि तोवर मी आईच्या गोळ्यांच्या डब्यांवर वार लिहिणं, फ्रिजमधलं तापमान वहीत टिपणं असली कामं शोधून काढत होते.

"हिला काहीतरी मोजायला द्या रे," दादा म्हणाला, "नाहीतर उद्या चहातल्या साखरेचे दाणे मोजेल."

अर्ज चौदा पानांचा होता. पहिल्याच पानावर दोन चौकोन होते आणि त्यातल्या एकावरच खूण करायची होती. पहिला चौकोन 'जोडीदार म्हणून': नवरा किंवा बायको इथली नागरिक असेल आणि अर्जाच्या आधीची सलग तीन वर्षं दोघं एकाच राहत्या घरी असतील, तर हा. दुसरा 'स्वतःच्या वास्तव्यावर': लग्न झालेलं असो-नसो, गेल्या सात वर्षांत माणूस एकूण पंधराशे दिवस देशात राहिलेला असेल, तर हा. पहिली वाट जवळची, दुसरी लांबची. आई-बाबा या देशात आल्यावर दादा इथंच जन्मला, म्हणून तो जन्मापासून इथला नागरिक. त्यामुळे आमच्या घरात या दोन चौकोनांवर चर्चा अशी झालीच नव्हती. सून आहे, मग सुनेच्या वाटेनं येणार. त्यात काय विचारायचं?

घाई होती ती वहिनीच्या नोकरीमुळे. वहिनी दात बनवते. एका इमारतीच्या तळघरात पाच जणांची प्रयोगशाळा आहे, तिथं शहरभरच्या दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं येतात. त्यावरून ही मंडळी प्लास्टरचे साचे ओततात, मेणात दात बसवतात, कवळ्या आणि कॅप तयार करून पाठवून देतात. प्रत्येक साच्याला नंबर असतो, नाव नसतं. वहिनीच्या हाताखालून आजवर दोन-अडीच हजार तोंडं गेली असतील, पण चेहरा तिनं एकही पाहिलेला नाही.

"नंबर चारशे बारा हसताना कसा दिसतो, मला काय माहीत?" ती एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली होती. "मी दात पाठवते आणि तो माणूस आयुष्यभर माझ्या अंदाजानं हसतो."

सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात आता एक जागा निघाली होती. तिथला तंत्रज्ञ डॉक्टरांच्या शेजारी बसतो, पेशंट समोरच्या खुर्चीत असतो. अशी जागा शहरात एकच होती, आणि आधीचा माणूस एकवीस वर्षं हलला नव्हता. अट एवढीच, की उमेदवार नागरिक हवा किंवा नागरिकत्वाचा अर्ज दाखल केल्याची पावती त्याच्याकडे हवी. मुदत पंधरा सप्टेंबरची. ऑगस्टचा शेवटचा आठवडा चालू होता.

मी कामाला लागले. आईला विचारलं, "वहिनी कधी आली?" आईनं कॅलेंडरकडे न बघता सांगितलं, "अकरा मार्च." मी दादाला विचारलं. "अकरा मार्च. विसरलो तर घरात राहू देतील का मला?" मी तक्ता आखला: अकरा मार्चपासून आजपर्यंत साडेतीन वर्षांना जरा कमी, मधे दोनदा माहेरी जाऊन आली ते सत्तेचाळीस दिवस वजा. दुसऱ्या वाटेनं जायचं तर पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागत होतं. म्हणजे ती वाट बंद. राहिली पहिली.

पहिलीत मेख निघाली.

लग्नानंतरच्या वर्षी वहिनी पोर्सेलीनचं काम शिकायला दुसऱ्या गावच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेली होती. अकरा महिने. तिथं खोली घेऊन राहायची, शनिवारी संध्याकाळी घरी यायची आणि सोमवारी पहाटे जायची. एकाच राहत्या घरी सलग तीन वर्षं? परत आल्याला पावणेदोनच वर्षं झाली होती.

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळ्यांपुढे मांडलं. दादानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"अगं, पण दर शनिवारी येतच होती ना? आणि मी बुधवारी जायचो. तिच्या घरमालकिणीची लिफ्ट मी फुकट दुरुस्त करून दिलीय. दोनदा." दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचा सगळा हिशेब मजल्यांत आणि लिफ्टांत असतो.

"शनिवारी येणं म्हणजे राहणं नाही," मी म्हटलं.

"हे बघ," आईनं टेबलावरचा एक कागद ओढला. आपल्या लोकांना अर्ज समजावा म्हणून वाचनालयातल्या मास्तरांनी त्याचं मराठीत माहितीपत्रक केलं होतं, ते इथल्या प्रत्येक मराठी घरात असतं. आईनं चष्मा लावून वाचलं, "'अर्जदार पतीकडे सलग तीन वर्षे नांदत आहे काय?' झालं तर! नांदतेय ना ही? का नाही नांदत?"

"नांदतेय, आई," वहिनी म्हणाली.

"मग 'हो' लिही."

"पण मूळ अर्जात 'नांदत' असं नाहीये. 'एकाच राहत्या घरी' असं आहे."

"तेच ते!"

"तेच नाही," मी म्हटलं.

"तू गप गं. लग्न झालं की कळेल तुला." आईचा हा नेहमीचा शेवटचा पत्ता असतो. "नवरा बोटीवर असतो त्या बाई सुद्धा 'नांदते' लिहून नागरिक झाल्या. वर्षातले आठ महिने तो समुद्रात. मग त्या काय नांदत नव्हत्या?"

दादा वहिनीकडे वळला. "कोण बघायला येणारेय? दोन वर्षांपूर्वी तू कुठं झोपत होतीस, हे सरकारला काय करायचंय?"

वहिनीनं आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्या पानाखाली 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही करायचीय. दात अर्धा मिलिमीटर उंच राहिला तर मी आख्खी कवळी पुन्हा करते, आणि इथं अकरा महिने दडवू?"

"दडवायचं कुठं म्हणतोय मी? फक्त बोलायचं नाही."

"तोंडात खडा असला तर न बोलताही कळतो," वहिनी म्हणाली. दादाला हसू आलं आणि त्या दिवसापुरता विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत स्वतःच कार्यालयात जाऊन आली. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी नीट समजावलं होतं: कामासाठी वेगळं राहिलात तर खुलाशाचं पत्र जोडा, तेवढ्यासाठी कुणी अर्ज फेटाळत नाही. मात्र असा अर्ज आधी चौकशीला जातो. शेजारीपाजारी, घरमालक, सगळ्यांना विचारतात, सहा-आठ महिने लागतात आणि पावती त्यानंतर मिळते.

म्हणजे खोटं लिहिलं तर त्याच दिवशी पावती, आणि खरं लिहिलं तर वसंत ऋतूत. रुग्णालयाची मुदत मात्र पंधरा सप्टेंबरच.

"मग यंदा नको," वहिनी म्हणाली. कोट काढून तिनं खुंटीला टांगला आणि बेसिनवर हात धुतले. तिच्या नखांच्या कडांना प्लास्टरची पांढरी रेघ असते, ती रोज ब्रशनं घासावी लागते. त्या दिवशी ती जरा जास्तच वेळ घासत होती. "जागा परत निघेल कधीतरी."

"एकवीस वर्षांनी," दादा म्हणाला. मग त्याला स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण न सांगता उठून तो चहा ठेवायला गेला.

वहिनी रडली नाही, चिडलीही नाही. सगळ्यांशी नेहमीसारखी बोलत होती, आणि तेच मला सहन होईना. एखादा प्रयोग फसला तर कुठं फसला ते तरी कळावं लागतं. नियम दोन, माणूस एक, आणि उत्तर दोन्हीकडे नाही. आकडे बरोबर होते, पण मला राहून राहून वाटत होतं की आपण काहीतरी बघितलेलं नाही. निदान 'नांदणे' या शब्दाचा तरी सोक्षमोक्ष लावावा म्हणून शनिवारी सकाळी मी वाचनालयात गेले.

मास्तर वरच्या मजल्यावर बसतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण शिकवणं सुटलेलं नाही. आठवड्यातून तीन दिवस नव्या आलेल्या लोकांना इथली भाषा शिकवतात आणि उरलेल्या वेळात सरकारी कागदांचं मराठी करतात. मी माहितीपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं आणि सरळच विचारलं, "मास्तर, नांदणे म्हणजे एका घरात राहणे का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुणाची गं तू?"

मी सांगितलं.

"हां, लिफ्टवाल्याची बहीण. बस. एका घरात तर भाडेकरूही राहतो. तो नांदतो का? ढेकूण राहतात, ते नांदतात का?"

"मग?"

"नांदणं म्हणजे एखाद्या ठिकाणी आपली म्हणून असणं. लक्ष्मी नांदते म्हणतो आपण. ती काय हजेरी लावते का रोज? 'सुखाने नांदा' असा आशीर्वाद देतो, 'सुखाने एका छताखाली राहा' असा नाही देत."

"पण मूळ अर्जात छतच आहे, मास्तर. तुम्ही छताचं नांदणं केलंत, आणि आपली सगळी माणसं त्यावर 'हो' लिहितात."

त्यांनी माझ्या हातातला मूळ अर्ज घेतला, ती ओळ दोनदा वाचली, आपल्या मराठीशी ताडून पाहिली आणि खिशातून पेन्सिल काढली. "च्यक. चूकच आहे ही. शब्द इतका बरा बसला, की मी खाली वाकून बघितलंच नाही." 'नांदत' खोडून त्यांनी वर बारीक अक्षरात 'एकाच घरात राहत' असं लिहिलं. चूक मान्य करायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही, हे मला फार आवडलं. "पण तुला ही भानगड कशाला? तुझं तर लग्नही नाही झालेलं."

"वहिनीसाठी. तिचे तीन वर्षांत अकरा महिने कमी पडतात."

"तिचे? आणि ती कशाला नवऱ्याच्या वाटेनं जातेय? तिचे स्वतःचे दिवस भरले असतील की."

"नाही ना. अकरा मार्चला आली. जूनपर्यंत थांबावं लागेल."

"कुठला अकरा मार्च?" मास्तर म्हणाले. "अगं, माझ्या संध्याकाळच्या वर्गाला दोन हिवाळे येत होती ती. पहिल्या बाकावर. हातावर प्लास्टर घेऊन यायची, माझी वही पांढरी करून ठेवायची. त्यानंतर तुमच्या घरी गेली."

मी खुर्चीत सरळ बसले.

गंमत अशी, की मला हे माहीत होतं. आमच्या घरात दादाची एकच प्रेमकथा आहे आणि ती निदान चाळीस वेळा ऐकून झाली आहे: प्रयोगशाळेच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत एक मुलगी आणि तिच्या हातात दातांचा ट्रे. दादानं वरून झडप उघडली तर ती म्हणाली, "आधी हे घ्या." त्यानं हात घातला तर तीस जणांचे दात. ही कथा मी पाहुण्यांना स्वतः सांगितलेली आहे. पण ती लिफ्ट कुठल्या देशात होती, कुठल्या वर्षी होती, हे मी कधीच कालरेषेवर मांडलं नव्हतं. मी तेव्हा वसतिगृहात होते. मी वहिनीला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दारात, लग्नाच्या दिवशी. माझ्यासाठी ती तेव्हाच आली. आईसाठीही, दादासाठीही. मी दोघांना एकच प्रश्न विचारला, दोघांनी तेच सांगितलं, आणि मी त्याला पुरावा म्हटलं. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात, की काहीही मोजायच्या आधी तराजूचा काटा शून्यावर आहे का ते बघा. मी ते बघितलंच नव्हतं.

घरी येईपर्यंत मी जवळजवळ पळत होते. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"वहिनी, तू कधी आलीस?"

"कुठं?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. "देशात."

तिच्या तोंडात चिमटा होता, तो तिनं काढला. "आठ सप्टेंबर, लग्नाच्या दीड वर्ष आधी. पण ते धरत नाहीत गं. मी तेव्हा शिकाऊ कामगार म्हणून राहायच्या परवान्यावर होते. आमच्या शिकाऊ मुलींत सगळ्या सांगायच्या, ते दिवस पाण्यात."

"सगळ्या म्हणजे कोण? नियम वाचलेल्या?"

"नाही," वहिनी म्हणाली. "शिकाऊच."

मी अर्जाबरोबर आलेलं नियमांचं पुस्तक उघडलं. परिशिष्टात, अगदी शेवटी, दोन ओळी होत्या. शिकाऊ परवान्यावरचा प्रत्येक दिवस अर्धा दिवस धरावा. देश सोडल्याचा आणि परतल्याचा दिवस देशातच धरावा.

दुसरी ओळ वाचून मी कपाळावर हात मारला. माहेरच्या दोन्ही फेऱ्यांत जायचा आणि यायचा दिवस मी वजा केला होता. सत्तेचाळीसचे त्रेचाळीस झाले.

पण शिकाऊ काळाचा पुरावा हवा होता. वहिनी आत जाऊन एक चपटं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली, साचे ठेवतात तसलं. त्यावर तिच्या बारीक अक्षरात नंबर होता: ०००१.

"हे कुणाचे दात?" आईनं विचारलं. आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून आली होती.

"माझे कागद," वहिनी म्हणाली. "शिकाऊ असताना पहिल्या साच्याला द्यायचा नंबर स्वतःच्या कागदांना दिला. म्हणजे हरवणार नाहीत."

आत सगळं क्रमानं लावलेलं होतं. परवाना, खोलीचा करार, दर महिन्याच्या पगाराची चिठ्ठी, मास्तरांच्या वर्गाचं हजेरीपत्रकसुद्धा. त्या दीड वर्षात ती एकदाही देशाबाहेर गेली नव्हती. मी टेबलावर बसून मोजलं. पाचशे एकोणपन्नास दिवस. त्याचे अर्धे दोनशे साडेचौऱ्याहत्तर. लग्नापासून आजपर्यंत बाराशे अडुसष्ट, त्यातून त्रेचाळीस गेले, राहिले बाराशे पंचवीस. बेरीज केली. पुन्हा केली. मग दादा आला, त्यालाही करायला लावली.

"चौदाशे साडेनव्व्याण्णव," दादा म्हणाला.

"अर्धा दिवस कमी," मी म्हटलं.

आईच आधी हसायला लागली. "म्हणजे उद्या दुपारी जेवून उठली की नागरिक?"

"नागरिक नाही आई, अर्ज करायला पात्र. आणि उद्या रविवार आहे."

"नको, इतक्या काठावर नको," वहिनी म्हणाली. ती अजून उभीच होती, हातात चिमटा. "दात टेकायला हवा, पण थोडी मोकळीकही हवी. पुढच्या आठवड्यानंतरची वेळ घेऊ." तिनं आकडे लिहिलेला कागद उचलून स्वतः एकेक रक्कम बोटानं तपासली. मी तिला दोन-तीनदा कामावर पाहिलं आहे. तयार कवळी ती अशीच बोट फिरवून बघते. "मी दीड वर्ष इथं होते. मीच ते सोडून दिलं होतं."

दादा मात्र जरा खट्टू झालेला दिसला. जेवताना त्यानं तोंड उघडलं. "म्हणजे अर्जात मी कुठंच नाही?"

"आहेस की. पान सहा. 'वैवाहिक स्थिती.'"

"पान सहा! लोक विचारतील, लिफ्टवाल्यानं बायकोला इथलं केलं का? काय सांगू? पान सहावर होतो?"

"सांग, मी बायकोला लिफ्टमधून काढलं," वहिनी म्हणाली, "वर ती स्वतः चढून आली."

"बघ, बघ कशी बोलते! आई, बघ."

पण आईचं लक्ष नव्हतं. ती पुस्तकातला तो दोन चौकोनांचा नमुना बघत होती. "मला नाही कुणी विचारलं, कुठल्या वाटेनं यायचंय," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नवल होतं. "तुमच्या बाबांच्या अर्जाला पुरवणी असते तशी मी. 'इथं सही कर' म्हणाले, केली. वीस-बावीस वर्षं झाली. वाईट काही झालं नाही हो. पण असे दोन चौकोन होते, हे मला आज कळतंय."

"तू कुठला घेतला असतास?" मी विचारलं.

"पुरवणीच," आई म्हणाली. "पण विचार करून घेतला असता." मग वहिनीकडे वळून, "आणि तू गं, उगाच मनात आणू नकोस. नवऱ्याच्या अर्जानं आलीस काय आणि स्वतःच्या आलीस काय, नांदायचं इथंच आहे. भात वाढ त्याला, फुगलाय."

नऊ सप्टेंबरला वहिनी, मी आणि खोकं ०००१ असे तिघे कार्यालयात गेलो. दादानं रजा मागितली होती, पण नेमक्या त्याच सकाळी कुठल्याशा इमारतीत कुणीतरी अडकलं. "बाई असेल तर तिथंच ठेव," वहिनीनं त्याला फोनवर बजावलं.

खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी पहिलं पान पाहिलं, सहावं पाहिलं आणि परत पहिल्यावर आल्या. "नवरा नागरिक आहे तुमचा. मग ही लांबची वाट का?"

"ती माझी अजून पुरी झाली नाही," वहिनी म्हणाली. "ही झालीय."

बाईंनी एकेक कागद काढून बघितला. पगाराच्या चिठ्ठ्या सुट्या सुट्या मोजल्या. दिवसांच्या तक्त्यावर त्या बराच वेळ थांबल्या. "हा तक्ता कुणी केला?"

"मी," मी म्हटलं.

"बरेच जण परिशिष्ट वाचतच नाहीत," त्या म्हणाल्या आणि शिक्का उचलला. पावती हातात पडली तेव्हा साडेअकरा वाजले होते. बाराला वहिनीनं रुग्णालयात नोकरीचा अर्ज टाकला. एक वाजता ती तळघरात परतली, कारण चारपर्यंत कुणाचे तरी पुढचे दोन दात जायचे होते.

रुग्णालयातून पत्र आलं ते तिसऱ्या आठवड्यात. लेखी परीक्षा नव्हती. प्रात्यक्षिक होतं, खऱ्या पेशंटवर. वहिनी पत्र घेऊन दिवाणखान्यात आली आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता, आनंद आणि घबराट यांचं मिश्रण.

"मला माणसं कुठं माहितीयत?" ती म्हणाली. "मला साचे माहितीयत. समोर माणूस बसला की काय करतात?"

"बोलायला लावतात," मी म्हटलं. मी वाचलं होतं. "'स' येणारे शब्द म्हणायला सांगायचे. साठच्या पुढचे आकडे म्हणायला लावतात बहुतेक."

"कुणावर करू सराव?"

दादाचे सगळे दात स्वतःचे आहेत, माझेही. आम्ही तिघांनी एकदम आईकडे पाहिलं. आईची कवळी चार वर्षांपूर्वीची, वहिनी आमच्या घरी यायच्या आधीची.

"मी काय परीक्षेचा नमुना आहे?" आई म्हणाली. पण खुर्ची ओढून दिव्याखाली बसली, पदर सारखा केला आणि शाळेत म्हणावं तसं सुरू केलं. "साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट..."

वहिनी तिच्या समोर गुडघ्यांवर बसली होती. बघत होती ती ओठांकडे. आई "सदुसष्ट" म्हणाली तेव्हा बारीकशी शीळ वाजली. "अडुसष्ट"ला पुन्हा.

"डावीकडून दुसरा," वहिनी लगेच म्हणाली. "किंचित पुढे आहे. हवा निसटते."

"आत्ता कळलं तुला?"

वहिनीनं मान खाली घातली. "कळलं होतं. घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी. तुम्ही 'सावकाश ये' म्हणालात ना, तेव्हाच वाजली होती."

"आणि साडेतीन वर्षं बोलली नाहीस?"

"सासूला कसं सांगणार, आई? तुमचे दात शीळ घालतात म्हणून?"

दादा सोफ्यावर आडवा होऊन हसत होता. आईनं त्याच्याकडे एक कटाक्ष टाकला, आमच्याकडे पाठ केली, आणि वळली तेव्हा तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत कवळी. ती तिनं वहिनीपुढे धरली. गाल आत गेले होते, शब्द मऊ येत होते, पण हुकूम होता तो हुकूमच.

"उद्या दुपारपर्यंत नीट करून दे," आई म्हणाली. "संध्याकाळी मास्तर यायचेत चहाला."